राखाडी चौकोन

"माझी बहीण दुपारपासून दिसत नाही," थोरली म्हणाली.

"घरातून कधी निघाली?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"घरातून गेल्याला वर्ष होत आलं. दिसत नाही ती आजपासून."

इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. थोरलीने मोबाइल पुढे सरकवला. पडद्यावर एवढंच होतं: हा विभाग बंद करण्यात आला आहे.

तो विभाग सगळ्यांना माहीत होता आणि विचाराल तर कुणीच तो पाहिलेला नव्हता. जुनं कपाट विकायचंय, खोली भाड्याने द्यायचीय, शिकवणी हवीय, असल्या जाहिरातींची ती मोठी साइट. तिच्या तळाशी 'प्रौढांसाठी सेवा' नावाचं एक दार होतं. आमदारबाई कित्येक आठवडे त्या दारावर धडका मारत होत्या. सभागृहात, टीव्हीवर, चौकातल्या फलकांवर. आज दार बंद झालं होतं आणि संध्याकाळी त्याची पत्रकार परिषद होती.

"धाकटीचा फोटो तिथे यायचा," थोरली म्हणाली. "दर आठवड्याला नवा. फोटो आला की मला कळायचं, जिवंत आहे. आता मला कसं कळणार, मॅडम?"

कपाटात फायली लावणारा हवालदार हात थांबवून बघत राहिला.

"नेलं कुणी?"

"नोकरी देतो म्हणून एक माणूस घेऊन गेला. नुकती विशी ओलांडली होती तिने. आधी फोन यायचे, मग तेही थांबले."

"फोटोत तीच आहे हे कशावरून?"

"चेहरा नसतो तिथे. कुणाचाच नसतो. मानेपासून वर राखाडी चौकोन. पण तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे. माझ्या मुलाखतीचे कपडे इस्त्री करताना भाजली होती. तो डाग मी अंधारातही ओळखेन."

"साइटला कळवलंस?"

"कळवलं ना. लिहिलं, मागे हिरवा पडदा आहे त्या खोलीत माझी बहीण आहे. पुढच्या फोटोत पडदा गायब. मग लिहिलं, भिंतीवर तुटका स्विचबोर्ड आहे. पुढच्या वेळी त्यावर कॅलेंडर. शेवटी तर अख्ख्या भिंतीवर चादर लावली. मी लिहायचं आणि त्यांनी झाकायचं. मी इथे ठाण्यातही आले होते. पुरावा आणा म्हणाले."

हवालदाराने मान खाली घातली.

"आणि डागाबद्दल लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"तो आमच्या घरातला आहे, मॅडम. त्या लोकांना कशाला सांगू?"

इन्स्पेक्टरबाई उठल्या. जाहिरात बंद म्हणजे मुलगी हलवणार. आजच हलवणार. नव्या जागी, नव्या नावाने, आणि मग ती कुठल्या पडद्यावर दिसेल हे देवालाच ठाऊक.

"तिचा एखादा घरचा फोटो आहे?"

थोरलीने पाकिटातून काढून दिला. शाळेची पायरी, लांब वेणी पुढे घेतलेली एक हसरी मुलगी.

साइटच्या कचेरीत आनंदीआनंद होता. काचेच्या खोलीत पुष्पगुच्छ आणि समोशांऐवजी बिस्किटांचे पुडे होते. मालकाला तेलकट हात चालत नसत. आमदारबाईंचा सेक्रेटरी संध्याकाळच्या भाषणाचा कागद घेऊन बसला होता. ज्याच्यावर काल चिखलफेक केली त्याच्याच पंक्तीला आज बसायचं, हे राजकारणात नवीन नाही.

"तक्रारी कोण वाचायचं?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"मी," मालक म्हणाला. "तपासनिसांचे प्रमुख, आमचे मास्तर. त्यांच्या हाताखाली ही भिंग. आणि आमदारबाईंच्या चौकशी समितीसाठी हे सेक्रेटरीसाहेब. बाकी कुणाला ते पान उघडतच नाही."

मास्तर म्हणजे पिकल्या केसांचा मऊ बोलणारा गृहस्थ. सगळ्या तपासनिसांना त्यांनीच शिकवलं होतं म्हणून मास्तर. भिंग ही तिशीतली बाई. तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणून भिंग. आज संध्याकाळी चौघेही मंचावर बसणार होते.

"फोटो तपासता म्हणजे काय करता?"

"भिंत बघतो," भिंग म्हणाली. "पडदा, फरशी, स्विच, खिडकी. माणूस नाही बघायचा. एकच खोली वेगवेगळ्या मुलींच्या जाहिरातींत दिसली की समजायचं, कुणीतरी कोंडून ठेवलंय. मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, माणसाकडे बघत बसलीस तर महिन्याभरात नोकरी सोडशील. खरंय ते. मी हात, पाय काही बघत नाही. सवयच गेली. घरी पाहुणे आले तरी मी त्यांच्या मागचं बघते."

"आणि चेहरे?"

"ते आमच्यापर्यंत येतच नाहीत," मालक म्हणाला. "पूर्वी चेहऱ्यांवरून लोक मुलींना धमकावायचे. तेव्हापासून फोटो आला की यंत्र आपोआप चौकोन टाकतं. मानेच्या वरचं काही शिल्लक राहत नाही. ना आमच्याकडे, ना बाहेर."

"भिंतीवर चादर लावलेली असेल तर?"

"नापास," भिंग पटकन म्हणाली.

"मग अशी जाहिरात पास झाली कशी?"

भिंगने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सुस्कारा सोडला. "दिवसाला ढिगाने येतात हो. सुटली असेल नजरेतून. माणूसच आहोत."

"कुणी पास केली ते दाखवा."

"विभागच पुसला," मालक म्हणाला.

"आमदारबाईंची मागणी मी वाचलीय. आधी सगळं पोलिसांकडे द्या, मग महिनाअखेर बंद करा. आजच पुसायची घाई कुणाला झाली?"

"बाईंना नव्हती," सेक्रेटरी म्हणाला. "पण आज होतंय म्हटल्यावर बातमी कोण सोडेल?"

"कल्पना कुणाची?"

"बैठकीत निघाली," मालक म्हणाला.

बैठकीत निघाली म्हणजे कुणाचीच नाही. इन्स्पेक्टरबाईंनी पाकिटातला फोटो टेबलावर ठेवला. "ही मुलगी. ओळखता?"

मालकाने पाहिलं न पाहिलंसं केलं. "मी साइट चालवतो, बाई. कोण कोण येतं ते कसं सांगू?"

"अशा कितीजणी," सेक्रेटरी म्हणाला. "म्हणूनच तर बंद केलं."

भिंगने फोटो हातात घेतला. "शाळा आहे. मागे पाण्याचा नळ. पायरीचा कोपरा फुटलाय." मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "सॉरी. मुलगी नाही ओळखत मी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "केस ठेवायला हवे होते पोरीने," ते हळहळून म्हणाले. "किती शोभत होते. लहान आहे हो अजून."

इन्स्पेक्टरबाईंनी फोटो उचलला आणि दाराकडे जाता जाता ठरल्याप्रमाणे हवालदाराचा फोन घेतला.

"काय सांगतोस?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जुन्या फोटोंची नक्कल सापडली? उत्तम. कार्यक्रम संपला की भिंगबाईंना घेऊन बसू. पडदा कुठल्या इमारतीतला ते आजच्या आज कळेल."

नक्कल वगैरे काही नव्हती. खडा टाकून पाहायचा होता.

संध्याकाळी सभागृह भरलं. आमदारबाई बोलायला उभ्या राहिल्या. "ज्या बाजारात आपल्या लेकी विकल्या जात होत्या, तो बाजार आज उठला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मंचावरची एक खुर्ची रिकामी होती.

मागच्या रस्त्यावर एक गाडी वेगाने निघाली. तिच्या मागे साध्या कपड्यांतला हवालदार स्कूटरवर, आणि त्याच्या मागे इन्स्पेक्टरबाई. बंद पडलेल्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर गाडीवाला चढला, आणि तो कुलूप काढेपर्यंत पोलीस जिन्यात होते. आत एक दांडगा माणूस सामान बांधत होता. गुंडाळलेला हिरवा पडदा, कॅमेरा, चादरी. कोपऱ्यात तीन मुली जमिनीवर बसलेल्या. त्यांतल्या एकीने पोलिसांना बघून दोन्ही हात पुढे केले, बेड्या घालायला करतात तसे. एका मनगटावर इस्त्रीचा डाग होता.

"तुला नाही पकडत आहोत, बाळ," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

तासाभरात आमदारबाई तणतणत ठाण्यात आल्या. मागे सेक्रेटरी, मालक आणि भिंग.

"माझ्या साक्षीदाराला उचलता? कुणाच्या सांगण्यावरून? समितीला सगळं त्या माणसाने समजावून सांगितलं होतं. एवढा सज्जन माणूस!"

"म्हणूनच कुणाला शंका आली नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "बसा. मास्तर, तुम्हीही ऐका. चुकलं तर सांगा."

मास्तर दोन हवालदारांच्या मध्ये बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"थोरली जे लिहायची ते पुढच्या फोटोत झाकलं जायचं. म्हणजे तक्रार वाचणारं कुणीतरी आतून सांगत होतं. वाचणारे चौघे. पण झाकलं काय ते बघा. पडदा, स्विचबोर्ड, भिंत. आणि मनगटावरचा एवढा मोठा डाग उघडा. तुम्ही असतात तर आधी काय झाकलं असतं, सेक्रेटरीसाहेब?"

"डाग," सेक्रेटरी म्हणाला.

"कुणीही तेच केलं असतं. डाग फक्त त्यालाच दिसत नाही, ज्याने वर्षानुवर्षं माणूस वगळून भिंत बघितलीय. तेव्हा मालक आणि तुम्ही सुटलात. उरले दोघे तपासनीस."

भिंगचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरू नका. मी तुमच्यापुढे वेणीवाल्या मुलीचा फोटो ठेवला. तुम्ही नळ बघितलात. मास्तर म्हणाले, केस ठेवायला हवे होते. केस कापलेत हे बहिणीलाही माहीत नव्हतं. यंत्र मानेच्या वरचं काही ठेवत नाही. मग मास्तरांनी तिचं डोकं पाहिलं कुठे? पडद्यावर तर नाहीच. त्या खोलीत जाऊन पाहिलं."

मालक मास्तरांकडे बघत राहिला. "आमच्याच कुंपणाने शेत खाल्लं," तो पुटपुटला.

"यांचं मुली ठेवणाऱ्याशी जमलं. आधी नुसत्या जाहिराती पास करायचे. मग फोटो कसा काढायचा ते शिकवायला जाऊ लागले. पण थोरली पिच्छा सोडेना, आणि चादरीच्या भिंती पास होतात कशा, हे भिंगबाई विचारू लागल्या होत्या. हो ना?"

"दोनदा विचारलं," भिंग म्हणाली. "मला म्हणाले, तुझे डोळे थकलेत, सुटी घे."

"अशात आमदारबाईंचा दबाव आला. याहून सोयीचं काय? बैठकीत कल्पना कुणी काढली, मालक? आता तरी सांगा."

"मास्तरांनी," मालक म्हणाला. "म्हणाले, सगळं पुसून टाकू. दबावही जाईल, वर लोक पाठही थोपटतील."

"पुरावा पुसला गेला, आणि तोही टाळ्यांच्या गजरात. बाई, तुमची तळमळ खोटी नव्हती. यांनी ती वापरून घेतली."

मास्तर पहिल्यांदाच बोलले. "मी कुणाला हात लावला नाही."

"तुम्ही बघितलंही नाहीत," भिंग म्हणाली. "आम्हालाही तेच शिकवलंत." तिला रडू फुटलं.

शेजारच्या खोलीत थोरली धाकटीच्या कातरलेल्या डोक्यावरून हात फिरवत होती. कात्री वेडीवाकडी चालवलेली होती. धाकटी म्हणाली, "ताई, फोटो काढताना मी हात मुद्दाम पुढे ठेवायची. म्हटलं, तू बघत असशील तर."

"बघत होते," थोरली म्हणाली. "रोज बघत होते गं."

दार उघडंच होतं. आमदारबाईंनी ते ऐकलं. पदराने डोळे टिपून त्या इन्स्पेक्टरबाईंना म्हणाल्या, "म्हणजे तो विभाग बंद केला हे योग्यच झालं ना?"

"खोली एक सापडली," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "बाकीच्या खोल्या आजपासून कुठे दिसणार, मला माहीत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं व्हायला नको. जरा बाहेर या."

बाहेरच्या बाकावर जागा उरली नव्हती. एक आजी होती, हातात पिशवी धरून. एक नवरा होता, कुणाच्या नजरेला नजर न देणारा. भिंतीला टेकून एक आईबापांची जोडी उभी होती. संध्याकाळपासून एकेक करून आली होती ती सगळी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकावर तीच एक ओळ. इतके दिवस यांतलं कुणी कुणाला सांगत नव्हतं की आपण रोज ते पान उघडतो.

बाकाच्या टोकाला बसलेला म्हातारा आमदारबाईंना बघून घाईघाईने उठला. टीव्हीवर पाहिलेला चेहरा त्याने ओळखला असावा. त्याने हात जोडले.

"ताई, बरं झालं तुम्ही भेटलात," तो म्हणाला. "आमचं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील. ते पान परत सुरू करायला सांगा ना त्यांना. माझी मुलगी आहे तिथे."