आमच्या नाटकाला प्रॉम्प्टर नव्हता

त्या प्रयोगाला बावन्न माणसं होती. त्यातली निम्मी तरी आजही कोल्हापुरातच राहतात. त्यांना विचारलंत तर ती सांगतील, म्हाताऱ्याचं काम जबरदस्त झालं, पण शेवटी नमस्काराला तो काही आला नाही.

का आला नाही, ते त्यांना ठाऊक नाही.

मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते. म्हणून हे लिहितेय. यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

तारीख २१ डिसेंबर २००३. रविवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

जागा मंगळवार पेठेतली. जुनी दुमजली इमारत, खाली मिरची कांडप, वर लांबट हॉल. तिथं पूर्वी शिवणक्लास चालायचा. तो बंद पडल्यावर मालकानं हॉल आम्हाला स्वस्तात दिला.

आम्ही म्हणजे सहा-सात हौशी माणसं. मी वर्षाराणी, पन्हाळ्याला तहसील कचेरीत क्लार्क. आमचे दिग्दर्शक प्रसेनजीत सर वारणानगरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एक जुनं रशियन नाटक त्यांनी स्वतः मराठीत आणलं होतं. बर्फानं वेढलेलं खेड्यातलं एक घर, आणि त्यात पाहुण्यांची वाट बघत बसलेलं एक कुटुंब. एवढंच नाटक.

सरांना ते मोठ्या रंगमंदिरात करायचंच नव्हतं. प्रेक्षकानं हात लांब केला तर नटाला लागला पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हणून तीन बाजूंनी साठ खुर्च्या आणि मधे आम्ही. चौथ्या बाजूला प्लायवूडची एक भिंत. तिला एक दार.

त्या भिंतीमागं तीन फुटांची बोळवजा जागा होती. तिच्यापलीकडं इमारतीची खरी भिंत. त्या भिंतीतही एक दार होतं, पण ते कायमचं बंद. पूर्वी बाहेरून जिना होता, तो पडला, तेव्हा मालकानं आतून तीन आडव्या फळ्या ठोकून टाकल्या. ते दार उघडून पाऊल टाकलं असतं तर माणूस सरळ पंधरा फूट खाली गटारात.

हे नीट लक्षात ठेवा. त्या दाराबाहेर उभं राहायला जागाच नाही.

आणखी एक. आमच्याकडं प्रॉम्प्टर नव्हता. एवढ्याशा हॉलमध्ये कोणी कुजबुजलं तरी सगळ्यांना ऐकू जाणार, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाठ करा, नाहीतर काम सोडा.

त्यात आम्हाला काळजी नव्हती ती एकट्या आकाराम मामांची.

मामा कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. गाव शाहूवाडीकडचं. बायको तानूबाई गावात शेती बघायच्या, आणि मामा कोल्हापुरात लेकीकडं राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी जत्रेतली नाटकं केली होती. नाटकात त्यांना घरातल्या म्हाताऱ्या दिवाणजीचं काम होतं. ती लांबलचक रशियन नावं आमच्या जिभेवर बसायला महिना गेला. मामांनी आठ दिवसांत स्वतःचंच नाही, सगळ्यांचं पाठ केलं.

आणि तेच मामा विसरले.

नोव्हेंबरातला रविवार होता. भर दुपार. रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या अंकात मामा एका वाक्यावर थांबले. पुढचं आठवेना.

आम्ही थांबलो.

आणि मागून कोणीतरी ते वाक्य दिलं...

हलका आवाज. तरुण माणसाचा. अगदी शांत, सवयीचा. मामांनी वाक्य उचललं आणि पुढं गेले.

मला वाटलं, सरांनी दिलं. मी पुढच्या वाक्यात अडकलेली, लक्ष दिलं नाही.

तीन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मामा थांबले. ह्या वेळी सर माझ्या अगदी समोर बसले होते. मी त्यांच्याकडंच बघत होते.

वाक्य आलं...

सरांचे ओठ मिटलेले होते.

सर उठले आणि सरळ प्लायवूडमागं गेले. मीही गेले. तिथं कोणीच नव्हतं. फळ्या ठोकलेलं दार, कोपऱ्यात एक झाडू, बस्स. सर म्हणाले, रस्त्यावरचा आवाज असेल. मी मान हलवली. रस्त्यावरचा कोण आमचं नाटक पाठ करून बसलाय, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तिथं जाणवली. कांडपामुळं त्या इमारतीत पाऊल टाकलं की नाकात मिरची जायची. सगळे खोकायचे. त्या तीन फुटांत मिरचीचा वास नव्हता.

कसलाच वास नव्हता.

त्यानंतर मामा रोज विसरायला लागले. रोज वेगळ्या जागी. आणि दर वेळी मागून वाक्य यायचं. बाकीचे दोघं नट म्हणायला लागले की सरांनी गुपचूप टेप लावलाय. सर काही बोलायचे नाहीत. पण त्यांची झोप उडाली होती, असं त्यांच्या बायकोनं, संघप्रियानं मला सांगितलं. ती दिवे सांभाळायची. सरांच्या मनात मामांना बदलायचं होतं. त्यांनी मला सांगितलं, तू एकदा विचार त्यांना, डोक्याला काही झालंय का.

मी मामांना चहाला घेऊन गेले. गाड्यावर उभ्या उभ्या म्हटलं, मामा, दुसरा अंक म्हणून दाखवा.

त्यांनी म्हटला. अख्खा. माझी वाक्यंसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी विचारलं, "मग तिथं का विसरता?"

मामांनी कप गाड्यावर ठेवला.

"विसरत न्हाय," ते म्हणाले. "थांबतो. थांबलं की त्यो बोलतोय."

"कोण?"

"जयसिंग."

जयसिंग त्यांचा मुलगा. तो दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या नाटकांना पडद्यामागं कंदील घेऊन बसायचा. हातात वही. आबा अडखळले की वाक्य द्यायचा. ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात कडवी नदीच्या पुलावरून पाणी चाललं होतं आणि तो सायकल घेऊन त्यात शिरला. बावीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी सायकल सापडली.

तो सापडलाच नाही.

मी म्हटलं, मामा, भास असेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. त्या आवाजाचा भास मलाही झाला होता.

"आकरा वर्सं झाली, पोरी. आवाज इसरलो हुतो मी त्येचा. तोंड आठवायचं, आवाज न्हाय. आता रोज ऐकतोय. तेवढं सरांस्नी सांगू नको."

मी नाही सांगितलं.

सरांना म्हटलं, मामा ठीक आहेत, प्रयोगात विसरणार नाहीत. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर सरांनी नाटक थांबवलं असतं. ते मला आजही खातं.

शेवटच्या आठवड्यात आवाज जवळ आला. आधी तो फळ्यांच्या दाराकडून यायचा. मग प्लायवूडच्या अगदी पाठीमागून. एकदा मी त्या भिंतीला टेकून उभी होते, तर वाक्य माझ्या कानाशी आलं... मधे फक्त ते पातळ प्लायवूड, इतकं जवळ. बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकला मी.

मामा खुश होते. इतके खुश की बघवत नव्हतं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. बावन्न खुर्च्या भरल्या. रविवार म्हणून कांडप बंद. संघप्रिया जिन्याच्या दाराशी दिव्यांच्या बटणांजवळ बसली होती. तिच्या गुडघ्याला घासल्याशिवाय कोणाला आत-बाहेर करता येत नव्हतं.

पहिले दोन अंक सुरेख झाले. मामा कुठंही थांबले नाहीत. मला हायसं वाटलं.

तिसरा अंक. रंगमंचावर मी आणि मामा. मी घरातली धाकटी मुलगी. दिवाणजी येऊन सांगतो की बर्फानं रस्ता बंद झालाय. मी विचारते, "मग आता कोण येणार?" त्यावर त्यानं म्हणायचं, "आता कोणी येणार नाही."

मी विचारलं.

मामा थांबले.

मी वाट बघितली. मागून वाक्य येईल म्हणून. मामाही त्याचीच वाट बघत होते, त्यांचा चेहरा तसाच झाला होता.

वाक्य आलं नाही.

हॉलमध्ये एवढी शांतता की कोणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

आणि मग...

टक. टक. टक.

मागचं दार. प्लायवूडचं नाही. फळ्यांचं. बाहेरून.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी दचकून नवऱ्याचा हात धरला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. मला दोन खुर्च्यांमधून सरांचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता.

पुन्हा तीन वेळा टक टक. मग तोच आवाज. आता कुजबुज नव्हती, सगळ्यांना ऐकू गेला.

"आबा... दार उघडा."

मामा हसले.

"आलो रं, जयसिंग," ते म्हणाले.

आणि प्लायवूडचं दार उघडून आत गेले. जाताना त्यांनी ते मागं ओढून घेतलं.

मला किंचाळायचं होतं. पण समोर बावन्न माणसं. मी काय काय बोलले, आठवत नाही. मामांशिवायच अंक कसाबसा संपवला. आठ मिनिटं लागली. दिवे गेले, टाळ्या वाजल्या, आणि सर आणि मी एकदमच त्या दारामागं धावलो.

तीन फुटांची बोळ रिकामी होती.

फळ्या जशाच्या तशा. खिळे गंजलेले. वरच्या फळीपासून कडीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, तेसुद्धा तुटलेलं नव्हतं.

संघप्रिया जागची हलली नव्हती. ती शपथेवर सांगत होती की तिच्या बाजूनं कोणी गेलं नाही. सर खाली गल्लीत बॅटरी घेऊन गेले. मला वर उभं राहून तो उजेड गटारावर फिरताना बघवेना. तिथंही काही नव्हतं.

आठ वाजता आम्ही मामांच्या लेकीच्या घरी पोचलो. तिला कसं सांगायचं, हे पायऱ्या चढताना ठरवत होतो. तेवढ्यात आत फोन वाजला.

गावाकडून तानूबाई बोलत होत्या. शेजारच्या घरून.

मामा घरी आले होते. साडेसातलाच. अंगात तो लांब काळा कोट, तोंडाला आम्ही रंगवलेली दाढी. बाहेरच्या सोप्यात बसून पाणी मागत होते.

कोल्हापूर ते त्यांचं गाव पन्नास किलोमीटर आहे. सात दहाला ते त्या दारामागं गेले होते. वीस मिनिटांत जीपसुद्धा पोचत नाही.

लेकीनं विचारलं, कशानं आले. तानूबाई काय म्हणाल्या ते तिनं फोन ठेवल्यावर आम्हाला सांगितलं. मामा म्हणत होते, जयसिंगनं सायकलीवरून आणून सोडलं. आणि तानूबाईंनी एवढंच सांगितलं की अंगणात सायकलीची घंटी त्यांनीही ऐकली. बाहेर जायचा धीर झाला नाही.

पुढचे दोन प्रयोग सरांनी रद्द केले. मामा आजारी पडले, असं सगळ्यांना सांगितलं. सरांनी पुन्हा नाटक बसवलं नाही. वर्षभरात ते पुण्याला निघून गेले. मी एकदा फोन केला तर इकडचं तिकडचं बोलले आणि हा विषय निघताच रेंज जातेय म्हणाले.

मामा त्यानंतर कोल्हापुरात कधीच आले नाहीत.

२००७ च्या मे महिन्यात त्यांच्या लेकीचा निरोप आला, आबा तुमची आठवण काढतात. मी गेले. मामा अंथरुणाला खिळले होते, पण शुद्धीत होते. मला लगेच ओळखलं. तानूबाई चहा करायला आत गेल्या तशी त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं.

ते म्हणाले, त्या रात्री जयसिंग उंबऱ्याच्या आत आला नाही. चल म्हटलं तर म्हणाला, आबा, मला परत जायला पाहिजे, माझी वही तिथं आत राहिलीय.

"त्यो तितंच गेला, पोरी," मामा म्हणाले. "आन् त्या दाराला फळ्या हायत. वही घ्यायची कशी त्येनं? बाहीरच हुबा आसंल."

मामांनी माझ्याकडं मान वळवली.

"मला आता जमायचं न्हाय. तू तेवढं दार उघडून ये. येशील न्हवं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. आठ दिवसांनी ते गेले.

आता २००९ चालू आहे. ती इमारत अजून उभी आहे. कांडप बंद झालं. वरच्या हॉलला कुलूप असतं. किल्ली मालकाकडं, आणि मालक माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. एक फोन केला तर मिळेल. घरातून चालत दहा मिनिटांचा रस्ता. तीन फळ्या काढायला सुताराला अर्धा तास पुरे.

दाराबाहेर जिना नाही, काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

दोनदा मी त्या गल्लीपर्यंत गेले. दोन्ही वेळा दिवसाढवळ्या. वर बघितलं आणि परत आले.

मामांना मात्र मी हो म्हणाले होते.