न तापणारं इंजिन

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे, आणि त्यात माझाही हात आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मला एकदा सांगून टाकायचंय.

रात्र नव्हती. स्मशानही नव्हतं. मे महिना, भर दुपार आणि विजयवाड्याला जाणारा कालव्याकाठचा रस्ता.

माझी बहीण नागमणी. मी तिला अक्का म्हणायचो. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. आमचं गाव अवनिगड्ड्याजवळ, हॉस्पिटल विजयवाड्यात. बस तिला झेपत नव्हती. भावोजी, अंकम्माराव, स्वतःच्या जुन्या गाडीतून न्यायचे.

एका शुक्रवारी, तिला हॉस्पिटलात सोडल्यावर, शहरातच गाडीचं इंजिन जाम झालं.

ऑटोनगरच्या गॅरेजमध्ये मस्तानभाईंनी ते उघडून पाहिलं. तीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस.

"पिस्टन चिकटलेत. फुल इंजिनचं काम निघणार. बारा दिवस द्या, नव्यासारखं करून देतो."

"बारा दिवस?" भावोजी म्हणाले. "तोवर हिला कशातून नेऊ?"

"भाड्याची गाडी करा."

"भाडं भरू की इंजिन करू, मस्तानभाई?"

तेव्हा मी बोललो. मीच बोललो.

"भावोजी, मागच्या गल्लीत भंगारवाल्याकडे ह्याच गाडीचं जुनं इंजिन आहे. निम्म्यात मिळतंय. सोमवारी गाडी रस्त्यावर."

मस्तानभाई हात पुसत म्हणाले, "घ्या. पण कुठल्या गाडीतून निघालंय ते नीट विचारा. इंजिन बघून ते कळत नाही."

भंगारवाला म्हणाला, "मागून ठोकलेली गाडी होती. इंजिनला ओरखडा नाही." मी आणखी काही विचारलं नाही. त्यानंच ते बसवून दिलं आणि आमचं इंजिन बदल्यात ठेवून घेतलं.

मंगळवारी गाडी मस्त चालली. अक्काला हॉस्पिटलात उतरवून आम्ही मस्तानभाईंना दाखवायला गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं. अंदाज घ्यायला इंजिनवर बोट टेकवलं...

मग अख्खा तळहात ठेवला.

काढलाच नाही.

"किती लांबून आलात?"

"साठ किलोमीटर."

"हे गार आहे."

बाहेर डांबर वितळत होतं. मी हात लावला. विहिरीच्या आतल्या दगडासारखं गार... आणि ओलसर.

"तापतंय म्हणून लोक रडत येतात," मस्तानभाई म्हणाले. "न तापणारं पहिल्यांदा बघतोय." त्यांनी अर्धा तास शोधलं. बिघाड कुठेच नव्हता.

हॉस्पिटलात परतलो तर नर्स चिडलेली. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं. अक्काला दिवसाला अर्धा लिटर, तेही घोट घोट. घरून निघताना तिचं वजन बावन्न होतं. हॉस्पिटलच्या काट्यावर पंचावन्न.

"काय हो अम्मा, वाटेत अख्खा कालवा प्यायलात की काय?"

अक्कानं ओठांवरून जीभ फिरवली. तिचे ओठ ओले होते. दोन वर्षांत मी ते ओले पाहिले नव्हते.

शुक्रवारी मी मागे तिच्याशेजारी बसलो. निघायच्या आधी गाडी तपासली. पाण्याची बाटली नव्हती. भावोजींच्या शेजारची सीट रिकामी.

तासाभरानं आवाज आला.

घट्... घट्... घट्...

अक्का डोळे मिटून गिळत होती.

"अक्का, काय गिळतेस?"

"ती देते ना."

"कोण ती?"

"पुढची. म्हणते, पी, माझ्याकडे पुष्कळ आहे."

भावोजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे वाकून रिकाम्या सीटवर हात ठेवला.

सीट चिंब होती.

"भांडू नकोस रे तिच्याशी," अक्का म्हणाली. "दोन वर्षांत मला पोटभर पाणी कुणी दिलंय?"

त्या दिवशी काट्यावर तिचं वजन सत्तावन्न भरलं.

आम्ही थेट भंगारवाल्याकडे गेलो. भावोजींनी त्याची कॉलर धरली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कालव्यातून काढलेली गाडी होती. आठ दिवस पाण्यात होती. नवरा सापडला. बायको..."

"बायको काय?"

"नाही सापडली."

"आमचं इंजिन दे परत."

"ते भट्टीला गेलं, साहेब."

मस्तानभाईंनी बुधवारपर्यंत दुसरं शोधतो म्हणून शब्द दिला. मंगळवारच्या फेरीसाठी आम्ही भाड्याची गाडी सांगितली.

मंगळवारी भाड्याची गाडी दारात आली. अक्का घरात नव्हती. आपल्या गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसली होती. श्वास आधीच लागलेला.

"अक्का, उतर. आज त्या गाडीतून जायचंय."

"मी हिच्यातूनच येणार."

हात धरून ओढलं, तर तिनं दार घट्ट पकडलं. तिचे ओठ निळे पडत चालले होते. वाद घालायला वेळ नव्हता. भावोजींनी किल्ली फिरवली.

अर्ध्या वाटेत तो आवाज सुरू झाला.

मी तिचं तोंड हातानं दाबून धरलं. नाक मोकळं ठेवलं, फक्त तोंड. दुसरं काय करणार होतो?

माझ्या हाताखाली तिचा घसा हलत राहिला...

घट्... घट्...

मग थांबला.

माझ्या बोटांमधून गार पाणी गळत होतं.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालं, किडनीच्या पेशंटला असं होतं. खरंही असेल. मी त्यांना काही सांगितलं नाही. माझा हात कुठे होता तेही नाही.

बाराव्यानंतर भावोजींनी किल्ली माझ्या हातात दिली. "तोडायला दे. इंजिनसकट. समोर उभं राहून तोडून घे."

मी निघालो. वाटेत पेट्रोल पंपावर तेनालीचा एक माणूस भेटला. गाडीभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं. भंगाराच्या भावापेक्षा खूप जास्त द्यायला तयार होता.

"इंजिन कसंय, अण्णा?"

मी म्हणालो, "चांगलं आहे."

त्यानं तिथेच व्यवहार केला. सावलीत त्याची म्हातारी आई उभी होती. तिला त्यानं हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी घेऊन गेला.

भावोजींना वाटतं, गाडी तुटली.

अकरा महिने झाले. त्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. रोज काढून बघतो. अजून लावलेला नाही.

त्याचाही फोन आलेला नाही.