बंदराच्या उतारावर अडलेली गाडी

विलायतेच्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कल्याणच्या कचेरीवर दिवे लागले, त्याच माघात बंदराच्या उतारावर अण्णा वकिलांची गाडी अडली. अडली म्हणजे अशी, की घोडा जीव खाऊन ओढतोय, चाकं जागची हलत नाहीत, आणि खाली धक्क्यावर भिवंडीकडची होडी सुटायच्या बेतात.

गाडीवान आनंदा चाकाशी उकिडवा बसला होता. गाडीला नव्या पद्धतीचा ब्रेक होता. मूठ फिरवली की लाकडी ठोकळा चाकाला दाबून बसायचा, उलटी फिरवली की सुटायचा. आज बसला तो बसलाच. आनंदाने मूठ दोन्ही हातांनी पिळली, दगडाने ठोकली, खंडोबाला नवस बोलला. गंजलेला दांडा ढिम्म. शेवटी अण्णा चरफडत उतरले आणि धोतराचा सोगा सावरत पायीच धक्क्याकडे निघाले.

उताराच्या कडेला पिंपळाखाली सगुणा बसायची. खाडीकाठी पाणी चिक्कार दिसतं, पण तोंडात धरवत नाही. म्हणून उतारू तिच्याकडून चणे, गूळ आणि तांब्याभर गोडं पाणी घेत. ते पाणी ती पहाटे तलावावरून डोक्यावर वाहून आणायची. होडीवाल्या विठ्ठलची ही मुलगी. नवरा तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली होती. वय बावीस, अंग कष्टाने काटक, आणि हसू कुठे आवरावं ते तिला अजून कळलं नव्हतं. ते आताही नको तिथे फुटलं.

"हसाया काय झालं?" आनंदाने वर बघून विचारलं.

"नाकाला गंज लागलाय तुझ्या."

त्याने नाक पुसलं. नाकाचा तांबडा डाग गालभर झाला. सगुणा पदरात तोंड लपवून इतकी हसली, की चण्यांची टोपली कलंडली. चणे वेचायला आनंदाच धावला, आणि वेचताना दोघांची नजर एकदा भिडली... मग दोघंही जरा जास्तच मन लावून चणे वेचू लागली.

त्या दिवशी ठोकून ठोकून ठोकळा कसाबसा सुटला, पण पुढच्या खेपेला गाडी पुन्हा तिथेच अडली. आता मात्र आनंदाचा चेहरा रडवेला झाला. अण्णांनी त्याला बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरा गाडीवान बघीन. तो सगुणाला सांगू लागला की माझ्याकडून कुचराई नाही, रोज संध्याकाळी मी गाडी धक्क्याखाली नेऊन लख्ख धुतो.

सगुणाचे कान टवकारले. "कसल्या पान्यानं धुतोस?"

"खाडीच्या. दुसऱ्या कसल्या?"

आनंदा होता कोपरच्या मिठागरावरचा. तिथे पाय, भांडी, गाडे, सगळं खाडीच्या पाण्यात धुतात, कारण प्यायचं पाणी आणायला बायकांना कोसभर चालावं लागतं. ते गोडं पाणी चाकावर ओतणं म्हणजे दुधाने अंगण शिंपणं. आईने शिकवलेलं पोराने इमानाने पाळलं होतं, आणि त्या इमानापायीच खारं पाणी रोज नेमाने ब्रेकच्या दांड्यात जाऊन बसत होतं. घरच्या गाड्यांना असला लोखंडी कारभार नव्हता, म्हणून त्याला कधी कळलंही नव्हतं.

सगुणा उठली. आपला भरलेला हंडा उचलला आणि ब्रेकवर हळूहळू रिता करू लागली. आनंदा नको नको म्हणत राहिला. तिचा दिवसभराचा धंदा त्या मातीत मुरत होता. मग तिने गोडंतेल आणायला त्याला वर गावात पिटाळलं, दांडा पुसून दोघांनी तेल जिरवलं, आणि कितीतरी वेळाने मूठ कुरकुरत का होईना, फिरली.

"आजचं पानी गेलं तुझं," तो खाली मान घालून म्हणाला.

"गेलं तर गेलं. तू नीट ऱ्हा."

त्या दिवशी सगुणा रिकामा हंडा घेऊन घरी गेली आणि आत्या रंगूबाईने कारण विचारलं, तेव्हा सांडला म्हणाली. खोटं बोलताना तिला गुदगुल्या झाल्या.

आता गाडी अडेना. आनंदा यायचा, अण्णांना उतरवायचा, पिंपळाकडे एकदा बघायचा आणि घोडा वळवून निघून जायचा. गरज सरो नि वैद्य मरो! सगुणाला स्वतःचाच राग आला. कुठून बाई अक्कल पाजळली, गंजू दिला असता तर काय बिघडलं असतं?

आणि एके दिवशी, अण्णा होडीत बसून पार लांब गेल्यावर, गाडी पिंपळासमोर पुन्हा अडली. सगुणा जवळ गेली. दांड्याला हात लावला, तर बोटं तेलाने माखली.

"बिरेक तर लोन्यासारखा फिरतोय," ती म्हणाली.

"घोडा दमलाय."

"घोडा मघाशी उड्या मारीत व्हता."

"मंग मी दमलो."

"कशानं रे?"

"रोज... हितं न थांबता जाऊन."

एवढं बोलून आनंदाचे कानच लाल झाले. सगुणा हंड्याकडे वळली. तिने तांब्या भरून त्याच्या पुढे केला, आणि तो प्यायला तेव्हा ती खाडीकडे बघत राहिली. आपल्याला हा माणूस आवडतो, फार आवडतो, हे तिने त्या क्षणी स्वतःशी कबूल करून टाकलं.

पुढे उन्हं तापली तसं बोलणं वाढलं. सगळं बोलून झालं, एक गोष्ट सोडून. ती आनंदाच्या ओठांपर्यंत यायची आणि तिथेच बसायची. अशात रंगूबाईने आंबिवलीहून दगडूचं स्थळ आणलं. दगडू विधुर होता, भला होता, भाताची खाचरं होती. शनिवारी पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, बोलणी करायला जातीचे पंच बसायचे होते.

सगुणाने ते आनंदाला सांगितलं आणि वाट बघत थांबली.

आनंदा लगामाशी चाळा करत राहिला. "शेतीवाडी हाय... म्हंजे चांगलंच झालं," तो शेवटी म्हणाला. "माझ्याकडं काय हाय? अन्नांच्या तबेल्यामागली खोली."

"तुझ्याकडं काय हाय, ते मी इचारलं?"

ती तिथून उठली ती मागे न बघता. रडू घरापर्यंत कसंबसं आवरलं.

शनिवारी विठ्ठलच्या अंगणात पंच बसले. दगडू नवं लुगडं घेऊन आला होता. पहिल्या लग्नात मुलीला कोणी विचारत नाही. पण विधवेचा पाट लावायचा, तर त्यांच्यात चौघांदेखत बाईला विचारायची रीत होती. विचारायचं म्हणजे काय, बाईने मान डोलवायची, की झालं. मान डोलवली की जन्म आंबिवलीत जाणार. नाही म्हणावं, तर ज्याने आपल्याला मागितलंही नाही त्याचं नाव घ्यावं लागणार. तो नको म्हणाला, तर बापाला तोंड दाखवायला जागा उरायची नाही, आणि पुन्हा ही पायरी कोणी चढायचं नाही.

म्हाताऱ्या पंचाने विचारलं. सगुणाने मान वर केली.

"दगडूभाऊ देवमानूस हाय. पर मना कोपरच्या आनंदासंगं पाट लावायचाय. त्याला अजून कुनी इचारलं नाय."

रंगूबाईने कपाळावर हात मारला. विठ्ठल उठला आणि स्वतः आनंदाला आणायला गेला.

आनंदा धापा टाकत आला. विठ्ठल नुसता 'चल' म्हणाला, म्हणून होडीला अपघात झाला असं त्याला वाटलं होतं. पंचाने त्याला सगुणाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सगुणाला वर बघवेना.

"तिनं माझं नाव घेतलं?" आनंदाने विचारलं, आणि तो मटकन खालीच बसला. "मना वाटलं, आंबिवलीत ही पोटभर जेवंल. माझ्याकडं जेवंल का नाय, ह्या भ्यावानं माझी जीभ उचलली नाय. पर काल रातभर डोला लागला नाय..." त्याने तिच्याकडे पाहिलं, चारचौघांत, सरळ. "सगुना, मना तूच पायजेस. दुसरं काय नाय मागायचं मना."

दगडू लुगडं हातात घेऊन उठला. त्याला वाईट वाटलं होतं आणि त्याने ते लपवलंही नाही. मग लुगडं विठ्ठलच्या पुढ्यात ठेवून तो म्हणाला, भावाकडून समजा, परत नेत नाही.

तेव्हा सगुणा रडली. नवरा गेल्यापासून तिला असं मोकळं रडताना कोणी पाहिलं नव्हतं. डोळे पुसता पुसता तिने आनंदाला दटावलं.

"माझ्या जेवनाची कालजी तू नको करू. चने-गूल इकून मी तुलाबी पोशीन."