तीनशे ठिपक्यांची प्लेट

"तू… फेकलीस?"

धड ओळख व्हायच्या आधीच मी सोहमवर ओरडले. बडोद्याच्या आमच्या जीवाणूंच्या लॅबमध्ये त्याचा दुसराच दिवस. टाकाऊ प्लेट्स उकळायच्या वाफेच्या यंत्राचं झाकण उघडं, त्याच्या चष्म्यावर वाफ, आणि आत वितळून गेलेली, जीवाणू वाढवलेली माझी चाळिसावी प्लेट!

"खराब होती ने ती," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांवर चार-पाच ठिपके, हिच्यावर तीनशे! म्हटलं, घाण शिरली असेल."

घाण! प्रत्येक ठिपका म्हणजे औषधाला पुरून उरलेल्या जीवाणूची वस्ती. तसं वाचायचं तर जनुकात बदल व्हावा लागतो, आणि हे बदल होण्याचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो. जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली की तो शंभरपटही वाढतो. सुखाच्या दिवसांत असले उतावळे जीव मागे पडतात, कारण बहुतेक बदल नुकसानच करतात. संकटात मात्र तेच तरतात. माझ्या प्लेटवर असा उतावळा वाण होता, की एकच बदल नुसता लवकर होऊन त्याचीच पिल्लावळ वाढली होती? माझा सगळा प्रबंध त्या एका प्रश्नावर उभा होता. आणि या शहाण्याने तो उकळून टाकला!

"नव्याने करू. मी मदत करतो…"

"करावीच लागेल!"

रोज सकाळी मांजलपूरहून स्कूटरवर मी तणतणत यायचे, तर हा आधीच नळ्या भरत बसलेला.

"आज राग किती? मोजून सांग ने."

"तीनशे."

"काल तीनशे दहा होता. म्हणजे रागाचाही वेग बदलतो!"

मी हसले नाही. पाठ वळवून हसले, ते वेगळं.

चारशे प्लेट्स झाल्या, पण तसली एकही पुन्हा मिळाली नाही. आमच्या मार्गदर्शक कांचनमॅडम म्हणाल्या, "त्या जुन्या प्लेटचा उल्लेखच करू नकोस." माझं डोकंच फिरलं. दिसलेलं दिसलं नाही म्हणायचं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोहम उभा राहिला.

"मॅडम, ती मी फेकली. प्रबंधात तसंच लिहू द्या. माझ्या नावासकट."

मॅडमनी मसुदा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "लिही." माझा शोध गेला तो गेलाच, पण प्रबंध खोटा झाला नाही.

बाहेर येताच मी त्याला धरलं. "नाव कशाला घालायला सांगितलंस? हसतील सगळे तुला!"

"हसू देत. तू का चिडतेस?"

"चिडणारच! आणि दर रविवारी घरी करजणला कशाला पळतोस रे? इथे अख्खा दिवस…" मी जीभ चावली.

"अख्खा दिवस काय?"

"…करमत नाही."

त्याचे कान लाल झाले. त्याने फोन काढला. "आई, रविवारी दोन पोळ्या जास्त कर. निरुपमाला आणतोय."

"मला विचारलंस?" मी उसळले.

"आता विचारतो. मला तू आवडतेस, निरुपमा… खूप. येशील?"

"येईन," मी रागातच म्हटलं. "पण आधी विचारायचं असतं!"