कोरं फडकं

शीतलचं काय बिनसलं होतं, कोण जाणे. घरची विहीर, विहिरीला बारमाही पाणी, आणि हा पठ्ठ्या दिवाळीपासून बाजारातनं पाण्याच्या बाटल्या आणून पीत होता. स्वतः पीत होता ते पीत होता, वर लेकीच्या, सन्मतीच्या, दप्तरातही रोज एक बाटली खुपसत होता. एकदा आईपुढं, चंद्राक्कापुढंही धरली. चंद्राक्कानं ती तिथंच अंगणातल्या कण्हेरीला ओतली.

"घरचं पाणी कडू लागतंय होय रे साहेबाला?"

शीतलनं रिकामी बाटली उचलली आणि गाडीला किक मारली. हेच तिला जास्त झोंबलं. भांडला असता तर चाललं असतं.

चंद्राक्काची शाळा दुसरीतच सुटलेली, पण सगळी द्राक्षबाग तिच्या शब्दावर चालायची. पाण्याच्या बाबतीत तर ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जैनाच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून प्यायचं आणि फडक्यावर अडकलेले बारके जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, ही रीत. गावात घरोघरी नळ आले, बाकीच्या विहिरी बुजल्या. पण पायी फिरणारे मुनी विहिरीचंच पाणी घेतात. त्यामुळे मुनिसंघ गावात आला की त्यांचा आहार, म्हणजे जेवण, चंद्राक्काच्याच घरी व्हायचं. येत्या पंधरवड्यात संघ येणार होता, आणि म्हातारीची मान आत्तापासूनच ताठ झाली होती.

त्यात सन्मतीनं एक कोडं काढलं.

"आज्जी, फडक्यावर काहीच नाही." पोरगी शाळेतलं भिंग लावून बसली होती. "उन्हाळ्यात कसल्या पाणपिसवा दिसायच्या! टुणटुण उड्या मारायच्या. आता एकही नाही."

"मग बरंच की. पाणी स्वच्छ झालंय."

म्हणायला म्हणाली, पण तिलाही ते खुपलं. कोरं फडकं विहिरीत झटकताना हात उगाच रिकामा वाटला. शिवाय पाण्याला रॉकेलसारखा बारीक वास होता. तिनं गडीमाणसांना फर्मान सोडलं, "विहीर उपसा. जुनं पाणी जाऊ दे, झऱ्याचं नवं येऊ दे." विहीर बिघडली की उपसायची, हे तिला सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं.

दोन मोटारी रात्रंदिवस चालल्या. वास वाढला.

तेव्हा सन्मतीनं आज्जीला न विचारताच तालुक्याच्या जलरोबोला (पाणी तपासणाऱ्या यंत्राला) हाक घातली. तुमच्याकडे अजून आला नसेल, पण सन्मतीच्या काळात असा रोबो प्रत्येक तालुक्याला होता. सहा पायांचा, चपटा. सन्मती त्याला खेकोबा म्हणायची. तो बांधाबांधानं तुरुतुरु आला, विहिरीच्या कडेनं आत उतरला आणि निथळत वर येऊन म्हणाला,

"आधी मोटारी बंद करा."

"माझ्या विहिरीवर मला हुकूम सोडतोस? कोण रे तू, पत्र्याचा डबा!"

"पत्रा नाही, ॲल्युमिनियम," खेकोबा नम्रपणे म्हणाला. सन्मती फिसकन हसली. "आक्का, मला एक परात, वाळू आणि थोडी नीळ मिळेल?"

परातीत वाळू भरली. सन्मतीनं ती पाण्यानं पुरती भिजवली.

"जमिनीखाली पाण्याचं तळं नसतं," खेकोबा सांगू लागला. "मातीच्या कणांमध्ये आणि खडकाच्या भेगांमध्ये पाणी असं भरलेलं असतं. त्याला भूजल (जमिनीखालचं पाणी) म्हणतात. आता या कडेला निळीचे चार थेंब टाक. तिकडच्या कडेला बोटानं खड्डा कर. ती तुमची विहीर."

खड्ड्यात पाणी साठलं. नितळ. नीळ होती तिथंच होती.

"आक्का, आता उपसा."

चंद्राक्कानं चमच्यानं पाणी काढलं. खड्डा भरला. पुन्हा काढलं. पुन्हा भरला. काढता काढता तिचा हात थबकला. निळीची एक रेघ वाळूतनं सरकत खड्ड्याकडं येत होती. आणखी दोन-चार चमच्यांत खड्डा निळा झाला.

"विहीर उपसली की तिथली पातळी खाली जाते," खेकोबा म्हणाला. "मग चारी बाजूंचं पाणी तिकडं ओढलं जातं, आणि पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं सगळं. जे सावकाश येत होतं, ते तुम्ही मोटार लावून बोलावलंत."

चंद्राक्कानं चमचा खाली ठेवला. इतकं टोचून तिला आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि या डब्याला तर टोचून बोलताही येत नव्हतं.

"मग फडक्यानं ते अडवलं का नाही?" सन्मतीनं विचारलं.

"मीठ घातलेलं पाणी फडक्यातून गाळलं तर मीठ अडकतं का? विरघळलेलं फडक्यावर राहत नाही. फडक्यावर राहायचे ते जीव. ते मेले. कोरं फडकं म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे."

"पण नीळ टाकली कुणी?" चंद्राक्का उठलीच.

खेकोबा पायातली लांब सुई जमिनीत रोवत, वास घेत चालू लागला. बागेच्या वरच्या अंगाला बेदाण्याची शेड होती, तिथं तो थांबला. द्राक्षं वाळवायचा हंगाम संपला की ही शेड रिकामीच. पावसाळ्यात शीतलनं ती रंगाचा कारखाना काढतो म्हणणाऱ्या दोघांना भाड्यानं दिली होती. शेडला वास यायचा, पण बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, पिंपं पडलेली असतात. शेडच्या वासाकडं कोण बघतं? दिवाळीनंतर ते दोघे चुपचाप निघून गेले. आता आत ताडपत्री ओढली, तर खाली खड्डा निघाला. कडेची माती काळी, चिकट.

"इथे नशेची पूड बनत होती," खेकोबा त्या मातीत सुई खुपसून म्हणाला. "पुडीच्या कितीतरी पट विषारी पाणी मागे उरतं. परवाना असलेल्या कारखान्याला ते शुद्ध करावं लागतं, तपासनीस येतात. चोरून चालणाऱ्याला तशी सोय करताच येत नाही, केली तर तो सापडेल. मग ओढा, खड्डा, रान, जे हाताशी असेल ते. दूरच्या देशांत तर नशेच्या पिकांसाठी डोंगरच्या डोंगर बोडके केलेत. पूड शहरात जाते. घाण इथे राहते."

इतक्यात शीतल गाडीवरनं आला. पुढ्यात बाटल्यांचं खोकं. उघडा खड्डा बघून तो गाडीवरून उतरायचंच विसरला.

चंद्राक्का खोक्याकडं बघत राहिली.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

"आई, मी भाडं मागायला गेलो तेव्हा पिंपं ओतताना बघितलं. त्यांनी धमकी दिली. बोललो असतो तर पोलीस, गावात अब्रू... बागेचा माल कोण घेईल? तुला बाटली दिलीच होती की मी."

"पप्पा," सन्मती म्हणाली, "आज्जीला कारण का नाही सांगितलंत?"

शीतल खोक्याच्या दोऱ्या चाचपत राहिला.

चंद्राक्कानं त्याच्याकडं पाठ फिरवून खेकोबाला विचारलं, "मेली का माझी विहीर?"

"आजारी आहे. शेडपाशी बोअर मारून विषारी पाणी तिथेच वर ओढायचं, म्हणजे ते विहिरीकडे जाणार नाही. मग ते खास कोळशाच्या थरांतून सोडायचं, कोळसा विष धरून ठेवतो. उरलेलं थोडं मातीतले सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे जीव) हळूहळू खातील. दोन-तीन वर्षं लागतील. उताराच्या वस्तीवरच्या बोअरांपर्यंत अजून ते पोचलेलं नसावं. त्यांना आजच सांगायला हवं."

"दोन-तीन वर्षांनी मी फडकं बघीन," सन्मती म्हणाली. "रोज बघीन."

चंद्राक्कानं कमरेचं गाळायचं फडकं काढून नातीच्या हातात दिलं. मग ती लेकाकडं वळली.

"शीतल, उतर गाडीवरनं. उताराच्या वस्तीवर चालत जायचं, घरोघर, आणि काय बघितलंस, कधी बघितलंस, ते आपल्या तोंडानं सांगायचं. तिथनं चौकीत. मुनिसंघ येईल तेव्हा वेशीवर तूच उभा राहा आणि सांग, चंद्राक्काच्या दारात यंदा पाणी नाही, आणि का नाही तेही सांग. तू मला बाटली दिलीस, खरं दिलं नाहीस. या फडक्यावर पोरीला पुन्हा जीव दिसतील, त्या दिवशी मला आई म्हण. तोवर सगळं गाव म्हणतं तसं म्हणायचं. चंद्राक्का."