काचेच्या पेटीतले नऊ मासे

आधी त्या दाराला कडी लावा, मग सांगतो. मानसिंग हवालदार काही ऐकीव माणूस नव्हे. आष्ट्यात कुणालाही विचारा, घर दाखवतील.

सेहेचाळीस सालचा आषाढ. मानसिंग बैलगाडी जुंपून सांगली स्टेशनावर गेला होता, एक काचेची पेटी आणायला. पलटणीतला त्याचा साहेब विलायतेला परत निघाला होता. जाताना त्याने मासे पाळायची आपली पेटी मानसिंगला देऊन टाकली, वर डब्यात घालून चार सोनेरी मासे. मानसिंगने पेटी कडब्यात नीट बसवली आणि बैलांना सावकाश चालवत घरी आणली. बघायला निम्मी गल्ली लोटली. बायको रंगूबाई म्हणाली, "लोकांचं गडी लढाईवरनं काय काय घिऊन आलं. आमच्या धन्यानं मासं आणलं, आन् ते बी खायाचं न्हाईत."

मानसिंगने त्यात नदीतले बारके मासे आणून सोडले. सगळे मिळून तेरा झाले. रोज सकाळी तो पेटीपुढे उभा राहून त्यांची हजेरी घ्यायचा. आणि आठवड्यात दोन मासे पोट वर करून तरंगले.

शोध घेता घेता कळलं ते असं. रंगूबाई मोठ्या भक्तिभावाने चिंचेने घासलेल्या तांब्याच्या घागरीतून पाणी ओतत होती. देवाला चालतं ते माशाला का चालू नये? पण साहेब बजावून गेला होता, तांबं माशाला विष. मग मातीची घागर आली आणि मरणं थांबलं. पुढे एक मासा उडी मारून बाहेर पडला, तो कणगीमागे वाळलेला सापडला. मानसिंगने पेटीवर फळी टाकली, फळीवर दगड ठेवला. मग एकाची शेपूट कुरतडलेली दिसली. बारका म्हणून आणलेला एक मासा मरळीचं पिल्लू निघाला, त्याची रवानगी विहिरीत झाली. उरले नऊ. पुढे दोन महिने हजेरीला नऊच्या नऊ हजर. मरणारा मासा मागे काहीतरी ठेवून जातो, एवढं मानसिंग शिकला होता.

आता पेटीबाहेरचं सांगायला हवं. तीन घरं सोडून मनुबाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा कृष्णात मानसिंगच्याच पलटणीत होता. ब्रह्मदेशात एका रात्री दोराला धरून सात जण नदी उतरत होते. शेवटच्या कृष्णातचा पाय सुटला, तो पाण्याच्या ओढीला लागला आणि त्याच्या वजनाने सगळेच खेचले जाऊ लागले. त्याच्या लगेच पुढे असलेल्या मानसिंगने चाकू काढला आणि दोर कापला. साहेबाला सांगितलं, दोर तुटला. अंधारात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

मनुबाईकडे कागद आला, त्यात 'बेपत्ता' होतं. ती रोज दुपारी मानसिंगच्या पायरीवर येऊन बसायची.

"माज्या कृष्णाताचं काय कळलं का रं?"

"ईल, मावशे."

दीड वर्ष हेच चाललं होतं. बिचाऱ्या म्हातारीने मुलाचं श्राद्ध कुणाला करू दिलं नव्हतं.

सर्वपित्री अमावास्येला मानसिंगच्याने राहवेना. कृष्णेच्या घाटावर जावं, तर तो घरी परतायच्या आत मनुबाईला कळलं असतं. म्हणून त्याने दार लावलं, भाताचा गोळा केला, वर तीळ टाकले, कृष्णातचं नाव घेतलं आणि तो पिंड काचेच्या पेटीत सोडला. पाणी ते पाणी, मासे ते मासे, अशी मनाची समजूत घातली. माशांनी गोळा खाल्लाही. पण पिंड वाहत्या पाण्यात सोडतात, हे शेंबडं पोरही सांगेल. वाहतं पाणी गेलेल्याला पुढे नेतं. चार काचांतलं पाणी कुठे नेणार?

दुसऱ्या दिवशी घरात घट बसले. सकाळच्या हजेरीला मासे आठ.

फळी जागेवर, दगड जागेवर. मानसिंगने कणगीमागे पाहिलं, पेटीतली वाळू चाळली. ना शेपटी, ना खवला. मांजराचा संशय घेऊन जमिनीवर राख पसरली. राखेवर एक पाऊल नाही, आणि मासे सात. त्याने दाराला आतून साखळी घातली, बाज पेटीला लावून झोपला. सहा. मग पाच. चार. त्याची झोप उडाली, जेवण तुटलं.

पाचव्या माळेला रंगूबाई म्हणाली, "आवं, पाण्याला वास येतुया. नदीचा. पर आपल्या नदीचा न्हाई."

 वास मानसिंगने ओळखला होता.

सप्तमीची रात्र. पेटीत दोन मासे. रंगूबाई आत झोपलेली. घटापुढे नंदादीप. मानसिंग भिंतीला टेकून बसला, डोळे पेटीवर. चंद्र मावळला. मनगटावरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

दोन्ही मासे एका कोपऱ्यात जाऊन थिजले.

पाणी हललं. नंदादीप मात्र स्थिर.

तळाची वाळू फुगली... खालून काहीतरी वर येत होतं. हळू. बोटं. मग मनगट. बोटं उघडत होती, मिटत होती... काहीतरी धरायला शोधत होती...

मानसिंगने डोळे मिटले. असला लढवय्या गडी, पण मिटले.

उघडले, तेव्हा मासा एकच. फळी जागेवर. दगड जागेवर. राखेवर ओली पावलं. पेटीपासून दाराकडे... परतीचं एकही नाही. साखळी तशीच.

त्याने कंदील घेतला, साखळी काढली. पावलं गल्लीतून पुढे गेली होती. एक घर. दुसरं. तिसरं. मनुबाईच्या उंबऱ्याशी संपली. उंबऱ्यावर मासा. अजून तडफडत होता.

दार उघडलं.

"आलास का रं?" मनुबाई म्हणाली. मग कंदिलात मानसिंगचं तोंड पाहून, "तू हाईस व्हय?"

तिने मासा उचलून आत नेला. सुपात मीठ लावलेले सात मासे होते, त्यात चार सोनेरी. "रोज पहाटं ठिवून जातुया. ल्हानपणी असाच ठिवायचा आन् पळायचा, मी रागवीन म्हणून. घरात आला की रांधून घालीन."

 मानसिंग तिथेच बसला.

"मावशे, कृष्णात न्हाई ईत आता. नदीत... दोर तुटला."

मनुबाईने हातातला मासा सुपात ठेवला.

"येवढंच व्हय?"

"...येवढंच."

तो घरी आला. उरलेला मासा कशाभोवती तरी फिरत होता. मानसिंगने दगड बाजूला ठेवला, फळी काढली, पाण्यात हात घातला. दोराचा तुकडा. हातभर. एका टोकाला पलटणीतली गाठ. दुसरं टोक... सरळ कापलेलं.

तो पुन्हा तीन घरं चालत गेला आणि तुकडा म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

"म्या कापला, मावशे."

तिने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"बाकीचं वाचलं?"

"सहा जण. मी धरून."

"मग तीन घरं चालायला दीड वरीस का लावलंस रं?"

उजाडताच दोघं कृष्णेवर गेली. नवा पिंड करून वाहत्या पाण्यात सोडला, नववा मासाही सोडला. त्या पेटीत रंगूबाई आता ज्वारी ठेवते.

दोर मात्र मनुबाईने नदीत टाकू दिला नाही. तिच्या घरात खुंटीवर टांगलाय. तीन उन्हाळे झाले, आष्ट्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. ती खुंटीखाली रोज सकाळी सारवते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढी जागा पुन्हा ओली असते.