एवढं धुणं होऊ दे

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आणि तो पंखा बंद करा कुणीतरी. आवाजाखाली दुसरा आवाज दडलेला मला चालत नाही, निदान ही गोष्ट सांगताना तरी. सांगोवांगीची नाही ही. ज्याच्यावर गुदरली, त्याच्याबरोबर मी तीस वर्षं एका कंपनीत काढली. तो लिफ्टचा मेकॅनिक, मी स्टोअरमध्ये. माणूस असा रुक्ष, की थाप मारायची म्हटली तरी त्याला सुचली नसती.

त्याला सगळे घरघरे म्हणायचे. आडनाव नव्हे ते. त्याला जुन्या वॉशिंग मशीनचा नाद होता, म्हणून पडलेलं नाव. नाद म्हणजे काय सांगू? लोक जुनी नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. हा चाळीस-चाळीस वर्षांची मशीनं जमवायचा. घरामागच्या खोलीत अकरा मशीनं आणि तीन ड्रायर उभे केले होते. त्याच्यासारखे आणखी सात-आठ जण होते. एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाला, एक टायपिंगचे मास्तर. दर रविवारी कुणा एकाकडे जमायचे, एखादं मशीन सुरू करायचे आणि समोर खुर्च्या मांडून गाणं ऐकावं तसे ऐकत बसायचे. पिळण्याचा वेग चढायला लागला की डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "आताच्या मशीनला फक्त बटणं," म्हणायचे, "तेव्हाच्यांना स्वभाव होता."

घरघऱ्याची बायको नर्स. ती म्हणायची, "घरात अकरा मशीनं, आणि माझा युनिफॉर्म मी हाताने घासते. जुन्यांना त्रास द्यायचा नाही आणि नवं घरात आणायचं नाही. मग मी कोणत्या खात्यात बसते ते तरी सांगा." तो हसण्यावारी न्यायचा.

या वेडाला मूळ होतं. तो लहान असताना त्याच्या आईकडे क्रीम रंगाची जोडी होती, मशीन आणि ड्रायर. पुढे गोल काच, वर हाताने फिरवायची चकती. थंडीच्या दिवसांत शाळेतून आला की हा ड्रायरच्या उबेला पाठ टेकून बसायचा आणि तिथेच झोपी जायचा. आई गेली, वडिलांनी जोडी मोडीत काढली. तेव्हा हा नऊ वर्षांचा. त्या जोडीचा जुळा भाऊ कुठे मिळतो का, हे तो अकरा वर्षं शोधत होता.

तारीखही सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, अठरा तारीख, मंगळवार. सकाळी त्याच्या फोनवर फोटो आला. तीच जोडी! काच शाबूत, चकतीवरचे आकडेसुद्धा न पुसलेले. खाली दोन ओळी. आई मागच्या महिन्यात गेली, खोली भाड्याने द्यायची आहे, आजच्या आज उचलणार असाल तर या.

त्याने रजा टाकली, टेम्पो मिळता मिळता दुपार टळली, मग निघाला. अडीच तासांचा रस्ता. पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली.

बैठं घर, वर नंतर चढवलेला एक मजला. दार उघडलं ते मुलाने. पंचेचाळिशीचा असेल. घाईत होता. मागच्या खोलीत जोडी उभी होती. त्या खोलीत त्याच्या आईने सत्तावीस वर्षं आख्ख्या गल्लीचे कपडे धुतले होते. नवरा लवकर गेला. या मशीनवर तिने मुलगा वाढवला, शिकवला. हे मुलानेच सांगितलं, तेही असं, की जणू हवामान सांगतोय. भिंतीवर फोटो होता, मशीनवर हात ठेवून उभी असलेली तरुण बाई.

घरघरे गुडघ्यांवर बसला आणि पाण्याची नळी सोडवायला लागला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला.

"कोण आहे रे? मशीनला हात नका लावू. आत कपडे आहेत."

त्याने मुलाकडे पाहिलं.

"मावशी आहे," मुलगा म्हणाला. "डोकं जागेवर नसतं तिचं. तुम्ही चालू द्या."

घरघऱ्याने काच उघडून आत हात फिरवला. रिकामं होतं. कोरडं. त्याने दुसरी नळी सोडवली.

"बाबा..." आवाज आता दाराजवळून आल्यासारखा. "एवढं धुणं होऊ दे. मग ने."

दार किलकिलं होतं. फटीतून पलंग दिसत होता. उशीवर एक वाळलेला चेहरा, आणि उघडे डोळे. ते त्याच्याकडेच बघत होते.

"एवढं होऊ दे रे..."

"आई, पड ना गप!" मुलगा ओरडला.



टेम्पोवाला दोरी हातात घेऊन तसाच उभा. मुलाचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मावशीला आईच म्हणतो मी. लहानपणापासून."

घरघऱ्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. त्याला सगळं कळलं होतं. तो मला नंतर म्हणाला, "त्या वेळी मी एक शब्द जरी बोललो असतो ना, तर जोडी हातची गेली असती." म्हणून तो बोलला नाही. त्याने मान डोलावली. हो, असतं असं, म्हणाला. आणि दोरी आवळली.

टेम्पोत चढवताना टेम्पोवाला हळूच म्हणाला, "साहेब, म्हातारी रडतेय."

"तू फळी धर नीट," घरघरे म्हणाला.

रात्री साडेदहाला घरी पोहोचले. दोघांनी मिळून जोडी मागच्या खोलीत उतरवली. टेम्पोवाल्याने चहासुद्धा घेतला नाही. बायको रात्रपाळीला गेलेली. घरघऱ्याने फोटो काढून मंडळींना पाठवले. बेकरीवाल्याने लिहिलं, "जिंकलंस!" डॉक्टरांनी लिहिलं, "रविवारी तुझ्याकडे. मी आधी ऐकणार." उभ्या उभ्याच दोन घास पोटात ढकलून तो झोपायला गेला. मशीनचा प्लग जोडलेला नव्हता. वायर गुंडाळून मशीनवर ठेवली होती. नळीही जोडलेली नव्हती. हे लक्षात ठेवा.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना त्याला जाग आली.

खट्.

चकती फिरल्याचा आवाज. लहानपणापासून ओळखीचा. त्याला वाटलं, स्वप्नातच आहोत. मग पाणी भरल्याचा आवाज आला.

तो उठला. दिवा लावला. अंगणातून मागच्या खोलीपर्यंत वीस पावलं. दार उघडलं.

अकराच्या अकरा मशीनं गप्प. बारावं सुरू.

वायर वर गुंडाळलेलीच. नळी जमिनीवर तशीच पडलेली. आणि काचेआड पाणी. फेसाळलेलं. त्यात काहीतरी पांढरं फिरत होतं... वर यायचं, काचेला लागायचं, खाली जायचं.

त्याने आयुष्यभर मोटारी ऐकल्या होत्या. लिफ्टच्या दाराला कान लावून तो सांगायचा, कोणत्या बेअरिंगचं काय दुखतंय. त्याने कान लावला.

ती मोटार नव्हती.

मोटारीची घरघर एका लयीत असते. ही तशी नव्हती. ओढायची... थांबायची. मग पुन्हा ओढायची. छातीतून यावी तशी. थांबायची तेव्हा आतलं पांढरंही थांबायचं. पाण्यात. अधांतरी.

तुमच्यापैकी कुणी म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी शेवटची रात्र काढली असेल, तर त्याला कळेल मी काय म्हणतोय ते.

पळून का नाही गेलास, असं मी विचारलं त्याला. म्हणाला, "आत कपडे आहेत असं ती म्हणत होती. मला वाटलं, काढून द्यावेत तिला. मग बंद होईल."

त्याने काच उघडली.

पाणी बाहेर आलं नाही. उघड्या तोंडाशी भिंतीसारखं उभं राहिलं. त्याने उजवा हात आत घातला, मनगटापर्यंत. कोमट होतं. ते पांढरं बोटांना लागलं. मऊ. त्याने धरलं...

आणि त्या पांढऱ्यानेही धरलं.

ओढलं नाही. पिळलं नाही. नुसतं धरलं. पाच बोटांनी.

"आई..." त्याच्या तोंडून गेलं. कुणाची आई, ते त्यालाही सांगता येत नाही.

घरघर थांबली. मग पाण्यातून, काचेतून, का त्याच्या स्वतःच्या हाडांतून, कुणास ठाऊक...

"एवढं होऊ दे."

तो उभा राहिला. दुसरं काय करणार? ओरडायला गेला तर आवाज नाही. दुसऱ्या हाताने ओढून पाहिलं, तर पकड जराही हलेना. चकती फिरत होती. खट्. बराच वेळ काही नाही. खट्. मध्ये घरघर लांबत चाललेली. दोन श्वासांमधली जागा वाढत चाललेली. पाय बधिर झाले. तीन वाजले. साडेतीन. एकदा तर इतका वेळ शांतता, की त्याला वाटलं, संपलं. आणि तो स्वतःच म्हणाला, "घ्या... घ्या श्वास."

मग पुन्हा ओढला गेला श्वास.

चार वाजून दहा मिनिटांनी चकती शून्यावर आली.

खट्.

पकड सुटली.

पाणी नव्हतं. कपडा नव्हता. आत कोरडं ठणठणीत. त्याचा हात मात्र निथळत होता.

सात वाजता बायको आली, तेव्हा तो तिथेच जमिनीवर बसलेला. तिने नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. त्याने सगळं सांगितलं. रात्रीचं आधी नाही. आधी संध्याकाळचं. "आई, पड ना गप" पासून.

बायको नर्स. रात्रीच्या गोष्टीवर तिचा विश्वास बसला की नाही, मला ठाऊक नाही. पण संध्याकाळच्या गोष्टीवर बसला. तिने त्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला. "बाई जिवंत होती," म्हणाली, "आणि तुम्ही दोरी आवळलीत." मग युनिफॉर्मही न बदलता म्हणाली, "टेम्पो बोलवा."

कालचा टेम्पोवाला यायला तयार होईना. दुसरा मिळाला. दोघं मशीन आणि ड्रायर घेऊन निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच कळलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. माणसं खाली मान घालून उभी. एक शेजारीण डोळे पुसत पायरीवर बसली होती.

"कधी?" बायकोने विचारलं.

"पहाटे. चारच्या सुमाराला." शेजारणीने आवाज उतरवला. "काल संध्याकाळपासून तळमळत होती. मुलगा वर जाऊन झोपला. तिचं कण्हणं भिंतीतून ऐकू यायला लागलं, म्हणून मीच आले शेवटी. अडीच वाजले असतील. हात वर धरला होता तिने, असा... हवेत. कुणाचा तरी धरावा तसा. मी धरायला गेले तर माझा घेईना. झटकला. रिकाम्या मुठीनेच गेली बाई. पण चेहरा बघा तिचा. कुणीतरी सोबत असल्यासारखा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मुलगा बाहेर आला. टेम्पो पाहून त्याने कपाळाला हात लावला. "हे कशाला परत? आता कुठे ठेवू मी? घेऊन जा."

"तुमच्या आईचं आहे," घरघरे म्हणाला.

"आई गेली. हेच तर सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

त्यांनी जोडी फाटकाशी उतरवली आणि निघाले. शेजारणीने नंतर कळवलं, दुपारी बाईला घेऊन गेले आणि संध्याकाळी भंगारवाला येऊन मशीन घेऊन गेला. ड्रायर हातगाडीवर मावेना, म्हणून तिथेच तोडला.

रविवारी मंडळी ठरल्याप्रमाणे जमली. खुर्च्या मांडल्या. घरघऱ्याने त्यांना सगळं सांगितलं. मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाई ऐंशीच्या पुढची. आज ना उद्या जायचीच होती. पण जोडी... तशी आता पुन्हा दिसायची नाही रे. तू मूर्खपणा केलास." बाकीच्यांनी माना हलवल्या. टायपिंगच्या मास्तरांनी तर, भंगारवाल्याचा पत्ता मिळेल का, असं विचारलं.

घरघऱ्याने खुर्च्या आवरल्या. त्यानंतर ती मंडळी त्याच्याकडे आली नाहीत, तोही गेला नाही. अकरा मशीनं त्याने महिन्याभरात देऊन टाकली. घरात एक नवं आलं, बटणांचं. ते बायको लावते. तो त्या वेळी घराबाहेर जाऊन उभा राहतो. मी विचारलं, आईची आठवण येत नाही का रे आता? म्हणाला, "येते. पण ती जोडी आठवायला गेलो की आता वेगळीच बाई दिसते."

संपली गोष्ट. एवढंच राहिलं.

बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो कामावर आला होता. आमच्याकडे हजेरी अंगठ्याने लागते. त्याने उजवा अंगठा टेकवला. मशीनने ओळखलं नाही. पुसून टेकवला. नाही. मी मागेच उभा होतो, म्हटलं, बघू.

तासन्‌तास पाण्यात हात ठेवल्यावर कातडी कशी होते? पांढरट, सुरकुतलेली. बोटांची टोकं आणि तळवा तसा झाला होता, थेट मनगटापर्यंत. मनगटावर सरळ रेघ, त्याच्या वर सगळं नेहमीसारखं. डावा हात ठीक. मी म्हटलं, सुकेल.

दोन वर्षं झाली. बायकोने तीन डॉक्टर केले, मलमं केली. उन्हात धरला, शेकला. मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय. कोरडा आहे, गरम आहे, दुखत नाही.

सुरकुत्या अजून तशाच आहेत...